जेवणाचा चेंडू

ब्रिकर्टन, पेनसिल्व्हेनिया
शुक्रवार, ६ एप्रिल १९८४

वेंडेल,

'प्रिय' लिहिलेलं नाही हे तुझ्या लक्षात आलं असेलच. दोन वर्षांत पहिल्यांदा लिहितेय आणि तेही पप्पांनी पाठ सोडली नाही म्हणून. त्यांचं म्हणणं, बेसबॉलच्या मोसमातल्या पहिल्याच सामन्यात भाऊ असा खेळला तर बहिणीने अभिनंदन करावं. तर अभिनंदन. नऊच्या नऊ इनिंग तू एकट्याने टाकल्यास आणि समोरच्यांना एक धाव काढू दिली नाहीस. खांदा फाडून परत शिवलेला, हिवाळ्यात पेपरवाल्यांनी मोडीत काढलेला चौतीस वर्षांचा पिचर, आणि त्याने त्यांना असं लोळवलं. पप्पांनी सांगितलेलं काम झालं. आता माझं ऐक.

परवा फोन मी उचलला होता. तू म्हणालास, "पप्पांना दे." मी दिला. मग तू पप्पांना विचारलंस, "रोझी अजून रागावलीय का?" मी चार फुटांवर उभी होते, वेंडेल. मला विचारायला तुझ्या तोंडात काय भरलं होतं?

हो, रागावलीय. आईला पुरलं त्या दिवशी तू सकाळी आलास आणि दुपारच्या आत गेलास. चर्चच्या तळघरात बायका पहाटेपासून राबत होत्या. सगळं गाव जेवायला बसलं आणि पप्पांच्या शेजारची खुर्ची रिकामी. का, तर दुसऱ्या दिवशी तुझी चेंडू टाकायची पाळी होती. बाहेर तुझ्या गाडीपाशी मी जे बोलले ते तसंच्या तसं उभं आहे : पुन्हा आमच्याकडे जेवायला येऊ नकोस.

काल रेडिओवाला सांगत होता की तुझा तो फसवा हळू चेंडू तू लहानपणी घरामागच्या अंगणात शिकलास. कुणासमोर, ते काही त्याने सांगितलं नाही. बॅट घेऊन मी उभी असायचे, उन्हाळेच्या उन्हाळे. गराजच्या छपरावरून चेंडू गेल्याशिवाय खेळ संपवायचा नाही, असा आपला नियम. माझ्या बॅटला तुझा एक चेंडू लागेल तर शपथ. मग आई जेवायला हाक मारायची आणि तू एक टाकायचास, मधोमध, सरळ, आंधळ्यानेही मारावा असा. 'जेवणाचा चेंडू' म्हणायचास त्याला. मी तो छपरापार मारायचे, आत जाऊन हात धुवायचे आणि जेवताना पूर्ण वेळ तुझा गळा दाबावासा वाटायचा. मला तुझा खरा चेंडू मारायचा होता. भीक नको होती.

घरी सगळं ठीक आहे. पप्पा ठीक आहेत.

रोझॅन

बुधवार, ११ एप्रिल
(हे पोस्टात टाकणार नाही.)

वेंडेल,

पप्पा ठीक नाहीत.

त्यांची फुप्फुसं संपलीत. जन्मभर वीटभट्टीची धूळ खाल्ली, ती आता बाहेर पडतेय. डॉक्टर मार्चमध्येच म्हणाला की उन्हाळ्याचा भरवसा धरू नका. पलंग खाली समोरच्या खोलीत आणलाय, शेजारी ऑक्सिजनची टाकी. माणूस गराजमध्ये बसून रेडिओ ऐकायचा कारण आई घरात आरडाओरडा करू द्यायची नाही. आता मागच्या तीन पायऱ्याही त्यांना उतरवत नाहीत. रेडिओच मी उचलून आत आणला.

डॉक्टरने सांगितलं त्याच दिवशी मी फोन उचलला होता. पप्पा म्हणाले, "आधी त्याला संघात जागा मिळू दे. सरावातच काढून टाकला तर?" मिळाली जागा. परवा परत उचलला, तर पलंगावरून हाक आली.

"रोझी, ठेव तो खाली. एक धाव दिलेली नाही त्याने, तो शून्यावर आहे."

"पप्पा, तुम्ही मरताय."

"ते काय, चालूच आहे. तो शून्यावर आहे, हे रोज होत नाही."

"तो तुमचा मुलगा आहे. त्याला कळायला नको?"

"पिचरचं असं जमून आलं असेल ना, तर बाकावर त्याच्या शेजारी कुणी बसत नाही. कुणी त्याला वेळसुद्धा विचारत नाही. अठरा वर्षं मी भट्टीच्या संघात पिचरचे चेंडू झेललेत, कॅचर होतो मी, मला शिकवू नकोस."

"हा बाक नाही, पप्पा. घर आहे."

"त्याच्याकडून पहिली धाव गेली की त्याच मिनिटाला फोन लाव. मी अडवणार नाही. तोवर तोंडाला कुलूप. शब्द दे."

नाही देणार म्हटलं. मग म्हातारा खोकायला लागला आणि खोकता खोकता आईच्या फोटोकडे बघायला लागला. इतका लबाड माणूस मी दुसरा पाहिला नाही. दिला शब्द.

आणि काल तू परत एकही धाव दिली नाहीस. पप्पांनी गादीवर मूठ आपटली. मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते आणि समोरच्या संघाच्या एकेका बॅटरला मनात विनवत होते की मार रे बाबा, एक तरी मार. गलेलठ्ठ पगार घेणारे दांडगे लोक, आणि एकाला तुझा चेंडू दिसत नाही. त्यांचाही राग आला. माझ्याच भावाला कुणी तरी झोडावं म्हणून मी माझ्याच घरात जीव टाकतेय, ही वेळ तुम्ही दोघांनी आणलीत.

रोझॅन

सोमवार, १६ एप्रिल

वेंडेल,

क्लबच्या ऑफिसातून दोन तिकिटं आली. बरोबर टाइप केलेला कागद, खाली तुझी सही, आणि सहीसुद्धा रबरी शिक्क्याची. आम्ही चाहते नाही. परत पाठवतेय.

समोरची पन्हळ गळतेय. पप्पांना शिडीवर चढू द्यायचं नाही असं मी ठरवलंय. एकदा टाकलंस की चार दिवस तुला हात वर करायचं काम नसतं आणि रस्ता सहा तासांचा आहे. पन्हळ तू येऊन ठोकावीस असं मला वाटतं. ठोकायला माणूस गावात मिळत नाही असं नाही. तू यावंस असं म्हणतेय. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

पप्पा ठीक आहेत.

रोझॅन

शनिवार, २१ एप्रिल
(हेही टाकणार नाही.)

वेंडेल,

पन्हळीचं उत्तर आलं. तू पैसे पाठवलेस. त्या चेकचे तुकडे करून मी चुलीत घातले.

काल गुड फ्रायडेलाही शून्य. आता तर सगळं गावच खुळावलंय. दुकानात तुझं नाव कुणी घेत नाही. 'आपला तो' म्हणतात आणि वर नजर लागू नये म्हणून लाकडावर बोटं टेकवतात. पप्पांची अट सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळ्यांना ती पटलीय. कुणाला म्हणजे कुणालाही यात वेडेपणा दिसत नाही. आज ईस्टरच्या टोपल्या आशीर्वादाला घेऊन चर्चमध्ये गेले, हॅम, अंडी, गोड पाव, सगळं आईसारखं बांधून. फादर ह्लावाचनी आजाऱ्यांची नावं वाचली आणि पप्पांचं नाव गाळलं. मरायला टेकलेल्या माणसाचं नाव प्रार्थनेतून गाळलं, कारण मागच्या बाकावर पेपरवाला बसला होता.

नंतर मी त्यांना गाठलं. "फादर, देवाला तरी सांगा."

ते म्हणाले, "देवाला मी खाजगीत सांगितलंय, रोझॅन. तू काळजी करू नकोस."

हा पेपरवाला तुझ्याच शहरातून आलाय, तुझं बालपण लिहायला. आपल्या घराकडे यायच्या आधी तो दाढी करायला एमिलच्या खुर्चीत बसला. एमिल म्हणजे पप्पांचा जन्माचा मित्र, गावचा न्हावी, आयुष्यात कधी खोटं न बोललेला. पेपरवाल्याने विचारलं, म्हातारे हुडाक कुठे भेटतील? एमिलला घाम फुटला आणि तो म्हणाला, "स्टॅन ना? मासे पकडायला गेलाय. वर, डोंगरातल्या तळ्यावर. महिनाभर तरी यायचा नाही."

मग दुकानात जो येईल त्याने मान डोलवली. कुणी सांगितलं, स्टॅनने एवढाला ट्राउट काढलाय. कुणी सांगितलं, त्याच्यासारखा गळ टाकणारा जिल्ह्यात नाही. पेपरवाल्याने सगळं उतरवून घेतलं.

संध्याकाळी एमिल टोपी हातात घेऊन पलंगाशी उभा.

"मासे?" पप्पा म्हणाले. "एमिल, तळलेल्या माशाचा वास आला तर मी रस्ता बदलतो."

"मला दुसरं काही सुचलंच नाही रे."

"बारमध्ये आहे म्हणायचंस. चर्चमध्ये आहे म्हणायचंस. तुरुंगात आहे म्हटलं असतंस तरी चाललं असतं. मासे!"

एमिल रडवेला झाला आणि पप्पांचा श्वास अडकला. टाकीची नळी लावून मी दोघांनाही झापलं. हसायला पाहिजे होतं ना मी? मला हसू आलं नाही. दोन म्हातारे आणि एक अख्खं गाव मिळून माझ्या बापाला त्याच्या मुलाविना मरायला लावतायत, आणि सगळे प्रेमाने.

रोझॅन

गुरुवार, २६ एप्रिल

वेंडेल,

तुझ्यावर पेपरात आलेल्या लेखाचं कात्रण सोबत आहे. तू वाचलं नसशील, सामने चालू असताना तू पेपर वाचत नाहीस हे मला माहीत आहे. हे वाच. शेवटून दुसरा परिच्छेद.

पप्पा मासे पकडतात.

सगळं ठीक आहे.

रोझॅन

मंगळवार, १ मे
(टाकणार नाही. टाकलं तरी काय उपयोग.)

वेंडेल,

एप्रिल संपला आणि तुझ्याविरुद्ध एकही धाव नाही. रेडिओवाला बोलतो तेव्हा त्याचा आवाज कापतो. जुने आकडे उकरून काढतोय आणि कुणाकुणाला तू मागे टाकलंस ते सांगतोय. तुझ्या सहकाऱ्यांनी म्हणे बाकावर तुझ्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी ठेवलीय. ठेवू देत. इथेही एक खुर्ची मोकळी आहे.

कात्रण पोचून तीन दिवस झाले असतील. तुझा फोन आला, पप्पांशी बोललास, हवापाण्याचं बोललास. पप्पांनी छाती फुगवून दोन वाक्यं ठणठणीत टाकली, तिसऱ्याला माझ्या हातात रिसीव्हर कोंबला आणि उशीत तोंड खुपसून खोकले. तू म्हणालास, "रोझी?" मी म्हटलं, "दूध उतू जातंय," आणि फोन आपटला. दूध नव्हतंच. आणखी एक क्षण धरला असता तर सगळं ओकून टाकलं असतं. तुला ऐकू आलं नाही ते? साठ फुटांवरून बॅटरचा अंगठा हलला तरी तुला दिसतो, आणि बापाचा खोकला ऐकू येत नाही?

ते काही खात नाहीत. सूप दोन चमचे. डॉक्टर आता दिवसांच्या गोष्टी करतो. पण तुझा सामना असला की उशा लावून बसवून घेतात. काल मी भांडी टाकून त्यांच्याजवळ बसले आणि पाहिलं तर त्यांचा हात पांघरुणावर हलत होता. चेंडू झेलून झेलून वाकडी झालेली ती बोटं. आधी वाटलं, ताप चढला. मग कळलं, ते तुला खुणा करत होते. कॅचर मांड्यांमध्ये हात धरून करतो तशा. एक बोट म्हणजे वेगवान, दोन म्हणजे वळणारा, चार म्हणजे तुझा हळू चेंडू. आणि मागाहून रेडिओवाला तेच सांगायचा. पुनःपुन्हा तेच, वेंडेल. बॅटर बाद झाला की पप्पा बोटं मिटायचे आणि डोळेही.

मला ते बघवेना आणि उठवेनाही. या खेळाने आमच्या घरातून तुला नेलं, आईच्या ताटावरून तुला उठवलं, आणि आता शेवटच्या दिवसांत त्यांना जगवतोयही तोच. कुणावर चिडायचं हे तरी नीट कळू द्यावं माणसाला.

रविवारी तू परत टाकणार. एक धाव जाऊ दे म्हणून मी चर्चमध्ये मेणबत्ती लावणार आहे. फादर ह्लावाचना सांगणार नाही, ते विझवतील.

रोझॅन

सोमवार, ७ मे
(मागच्या दाराला चिकटवलंय. आधी हे वाच, मग आत जा.)

वेंडेल,

मी शाळेची बस घेऊन गेलेय. मुलं थांबून असतात, त्यांना तुझ्या शून्याशी काही घेणंदेणं नाही. साडेतीनला येईन. आत पप्पांजवळ एमिल आहे. त्याला मासे किती मिळाले असं विचार, त्याची तेवढी शिक्षा बाकी आहे.

टाकी, नळ्या, पलंग बघून दारातच थबकू नकोस. सरळ आत जा. ते फार बारीक झालेत. चेहरा सांभाळ.

काल काय झालं ते तुला माझ्याकडून ऐकावं लागेल, कारण ते आता तुला वेगळंच ऐकवतील.

आम्ही दोघं आणि एमिल ऐकत होतो. तुमच्या नऊ धावा झालेल्या, त्यांची एकही नाही, आठवी इनिंग, दोघं बाद. बॅटिंगला आलं ते बदली पोरगं, महिनाभरात ज्याच्या बॅटला काही लागलेलं नाही. पप्पांनी पांघरुणावर चार बोटं दाखवली. हळू, खाली. मी ओठ आवळून बसले होते. आणि रेडिओवाला एकदम ओरडला. मग म्हणाला की काही समजत नाही, चेंडू अगदी मधोमध होता, सरळ, सरावाला टाकतात तसा, आणि पोराने तो कुंपणाबाहेर घालवला. म्हणाला, चेंडू कुठे गेला ते पिचरने वळूनही बघितलं नाही.

पप्पांची चार बोटं पांघरुणावर तशीच उघडी राहिली.

"मी चार दाखवलं होतं," पप्पा म्हणाले.

एमिल म्हणाला, "थकला असेल रे."

"थकलेल्याचा चेंडू असा जातो होय? मुद्दाम दिला. नऊ धावा पुढे असताना, त्या पोराला, फुकट!" मग ते माझ्याकडे वळले. गेले काही दिवस मान वळवायलाही त्यांना मी लागत होते. "तू सांगितलंस त्याला."

"नाही सांगितलं."

"शब्द दिला होतास."

"पाळलाय. मी फक्त लिहिलं की तुम्ही मासे पकडता."

त्यांनी एमिलकडे पाहिलं. मग शिव्यांना सुरुवात झाली. मला, एमिलला, पेपरवाल्याला, पण सगळ्यात जास्त तुला. भट्टीवरच्या मजुरांच्या त्या शिव्या, आई गेल्यापासून या घरात ऐकल्या नव्हत्या. नळी काढून फेकली, मी लावली, परत काढली. असा महिना रोज रोज मिळतो का, म्हणाले. या वयात, या खांद्याने. तो त्याचा होता, कुणाच्या बापासाठी सोडून द्यायचा नव्हता. एमिल म्हणाला, "स्टॅन, बाप तूच आहेस." तेव्हा त्यालाही पडल्या.

शून्यावरच्या पिचरला कुणी काही सांगत नाही हे त्यांनीच तुला शिकवलंय, मासे वाचून बाकीचं तू ताडलंस. चेंडू मधोमध होता, सरळ होता, हे ऐकलं तेव्हाच मी ओळखलं होतं. तो फेकलेला चेंडू ओळखायला मला रेडिओवाला लागत नाही. उन्हाळेच्या उन्हाळे तो मला मिळालाय.

तासाने फोन वाजला. तू म्हणालास, "रोझी, जेवायला काय आहे?"

एवढंच. दोन वर्षांत मला विचारलेला पहिला प्रश्न. मी म्हटलं, "हालुश्की," आणि ठेवून दिला. ठेवल्यावर रडले, आणि रडवलंस म्हणून तुला वर शिव्याही दिल्या, त्या पप्पांना ऐकू गेल्या आणि त्यांनी मान डोलवली.

मला अजूनही भीक आवडत नाही. तुझ्या गाडीपाशी बोलले तेही विसरलेले नाही. पण हालुश्की ओव्हनमध्ये आहे, नूडल्समध्ये कोबी जास्त घातलाय, तुला आवडतो तसा. न टाकलेली पत्रं पावाच्या डब्यात आहेत, वाचायची तर वाच. आधी जेव. उभ्याने नाही, बसून. पप्पांच्या शेजारची खुर्ची तुझी.

मात्र तिथे बसताना तयारीने बस. सकाळपासून उशांना टेकून ते तुझीच वाट बघतायत. मी दाढी करून दिली तरी लक्ष दाराकडे. त्याला समोर उभा करा, म्हणतात, चेंडू कसा टाकतात ते मी त्याला सांगतो. आवाज खोल गेलाय, पण डोळे लाल आहेत. कालपासून त्यांनी अर्धा वाडगा सूप घेतलं, भांडायला ताकद हवी म्हणून.

तू काही उलट बोलू नकोस. हात जोडून माफीही मागू नकोस, ते विझतील. त्यांना नीट चिडू दे, वेंडेल. जितका वेळ चिडतील तितका वेळ आपल्याकडे आहे.

रोझी